बसाची मशीन

माझं व्यायामाच्या सामानाचं दुकान आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो. मग माझ्या तोंडाकडे. आणि सभ्य असेल तर नंतर छताच्या पंख्याकडे. मला त्याचं काही वाटत नाही. जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतात ना, त्यातला 'आधी'चा मी आहे असं समजा. 'नंतर'चा काढायला अजून सवड झालेली नाही. आमची ही, म्हणजे वर्षा, म्हणते, "तुमच्याकडे पाहून लोक सामान घेतात. असं होऊ नये म्हणून."

वर्ध्यातलं आमचं मूळ दुकान सायकलींचं. बाबांनी पंक्चर काढता काढता उभं केलेलं. जागच्या जागी चालणारी पहिली सायकल मी दुकानात आणली तेव्हा बाबा तिच्याभोवती असे फिरले, जसा बाजारात बैल बघणारा माणूस फिरतो.

"चाक कुठं आहे?"

"आतमधी आहे, बाबा."

"मंग हे जाते कुठं?"

"कुठंच नाई जात. हिच्यावर बसून पायडल मारायचं, घाम येते."

"घामच पाह्यजे तं वावरात जाय म्हणा," बाबा म्हणाले. "थेही सायकलनं."

पण पुढं त्या कुठंच न जाणाऱ्या सायकलीनं दुकान पुढं नेलं. चाकाच्या सायकली हळूहळू मागच्या भिंतीला लागल्या आणि पुढं ट्रेडमिल, डंबेल, बेंच असं सगळं आलं. बाबांनी शेवटपर्यंत ट्रेडमिलला 'पट्टा' म्हटलं. त्यांचं फार चुकत नव्हतं.

लोक विचारतात, घरी छोटी जिम करायची तर काय घ्यावं? मी उलट विचारतो, कोणत्या खोलीत? हा प्रश्न लोकांना बिनकामाचा वाटतो. हिंगणघाटच्या एका उंचपुऱ्या पोराला तसाच वाटला होता. मशीन घरी नेऊन लावली, पोरगा ऐटीत वर चढला, तर पंख्याची पाती त्याच्या कानाशी बोलायला लागली. ट्रेडमिल माणसाला वीतभर उंच करते हे त्याच्याही लक्षात नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, तोवर माझ्याही नव्हतं. शेवटी पंखा काढायचा की मशीन, यावर घरात मतदान झालं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याविरुद्ध कोण निवडून येणार? मशीन ओसरीत गेली.

ट्रेडमिल म्हणजे मोटर, पट्टा आणि पट्ट्याखालची फळी. बाकी सगळी रोषणाई. मोटरच्या ताकदीचे दोन आकडे असतात. एक, ती जिवावर उदार होऊन क्षणभर देते तो. दुसरा, ती रोज निमूटपणे देते तो. खोक्यावर पहिला आकडा मोठ्या अक्षरात छापतात. तुम्ही दुसरा विचारा. जावई बघताना आपण हेच करतो. आणि गावात लाइन वारंवार जात असेल तर सरळ चुंबकाची सायकल घ्या, तिला विजेची गरज नसते. जोरात पळताना लाइन गेली की ट्रेडमिल थांबते, माणूस थांबत नाही.

आणखी एक मशीन असते, नुसता थरथरणारा पाट. त्यावर उभं राहायचं आणि चरबी हलवून घ्यायची, अशी कल्पना. सेलूच्या एका बाईंनी तो पाट घेतला आणि वर्षभरानं माझे तोंडभरून आभार मानले. मी म्हटलं, वजन उतरलं का? त्या म्हणाल्या, "माह्यं नाई जी. पण तिखटाचा डबा थ्याच्यावर ठेवला का असं दाबून बसते तिखट, दोन डब्याइचं एका डब्यात मावते." चरबीही बहुतेक अशीच दाबून बसत असावी. मी स्वतः तो पाट वापरलेला आहे, म्हणून सांगतो.

मशीन घरात आली की आपल्याकडे तिची पूजा होते. हळदीकुंकू, पडद्यावर स्वस्तिक, पुढं उदबत्ती. इथवर माझी काही हरकत नाही. पण देवळीच्या एका घरी घरधन्यानं नारळ हातात घेतला आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत थेट पट्ट्यावर फोडला. पाणी पट्ट्यावरून वाहत पुढं मोटरपर्यंत गेलं. बटण दाबलं तेव्हा मोटरीनं एक उसासा टाकला आणि तिचं आयुष्य सुरू होण्याआधीच संपलं. घरधनी म्हणाला, "नारळ तं चांगला निंगाला पण!" तेव्हापासून सामानाच्या गाडीत मी फरशीचा एक जाड तुकडा ठेवतो. आधी फरशी मांडायची, मग मशीन. कंपनीच्या माहितीपुस्तकात हे कलम नाही. असायला हवं.

एवढं सगळं मला कळतं. म्हणून तर गुल्हानेकाकूंच्या वेळी माझी फजिती झाली.

गुल्हानेकाका आर्वीचे. बाजारात कापूस-सोयाबीनची अडत, आता मुलगा बघतो, काका नुसते सल्ले देतात. ऐन उन्हाळ्यात दोघं नवराबायको दुकानात आले. काका दारातूनच म्हणाले, "भाऊ, पळाची मशीन दाखवा. आमच्या समोरच्याकडे आहे, थ्याच्यापेक्षा मोठी."

"कोण पळणार, काका?"

"हे काय, ही." त्यांनी अंगठ्यानं मागे दाखवलं.

मागे काकू दुकानाची पायरी चढत होत्या. पायरी एकच आहे. एक हात दाराच्या चौकटीला, एक मांडीवर, आधी उजवा पाय वर, मग डावा त्याच्याजवळ. माणूस पायरी कशी चढतो हे बघितलं की माझं अर्धं दुकान आपोआप बाद होतं. मी म्हटलं, "काकूंना पळायची मशीन नको, काका. गुडघे आहेत ना?"

"आहेत म्हणूनच तं दुखून राह्यले," काका म्हणाले. "डाक्टरनं चालाले सांगतलं."

"मग तुमच्यासोबत फिरायला न्या त्यांना."

"माह्यासंगं चालते कुठं? रस्त्यात कोनी बाई भेटली का झालं. थेच उभी."

"तुमच्यासंगं चालते म्हणजे तुम्ही पुढे अन् मी मागे," काकू आत येत म्हणाल्या. "थे काय चालणं होय? वरात होय." मग त्यांनी सगळ्या मशीनांवरून एकदा नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "भाऊ, बसाची मशीन नाई का तुमच्यापाशी?"

आता सांगा, दुकानदाराला याहून सोपी मागणी कोणती? पाठ टेकून बसायची सायकल असते. तिला ऐसपैस गादी, मागे पाठ, बाजूला दांडे, आणि पायडल पुढं, पाय लांब करून मारायचे. गुडघ्यावर भार नाही. मी काकूंना तिच्यावर बसवलं.

"हे तं खुर्ची होय," काकू म्हणाल्या.

"खुर्चीच, काकू. पायडलवाली."

काका खो खो हसले. "दिवसभर बसूनच तं राह्यते. आता बसाले मशीन पाह्यजे!"

मीही हसलो. काकूही हसल्या, पण आमच्याएवढ्या नाही. मग त्या दोन्ही दांडे धरून उठल्या, पदरानं गादी उगाच पुसली आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तं चांगलीच असन."

मशीन आर्वीला पोचली. नारळ फरशीवर फुटला. सगळं रीतसर झालं.

महिन्याभरानं मशीन बघायला मी गेलो. पहिली सर्व्हिस आम्ही घरी जाऊन करतो. बघतो तर काका बनियनवर मशीनवर बसलेले, कानाला फोन, पायडल मारत मारत कोणाला तरी सोयाबीन एवढ्यात विकू नको म्हणून दम देत होते. घामानं चिंब, पण चेहऱ्यावर तेज. मला फार बरं वाटलं. काकूंनी चहा आणला.

"कशी आहे मशीन, काकू?"

"मशीन चांगली आहे, भाऊ. यांचं पोट उतरलं. पण मी बसाची मांगितली होती."

"बसायचीच तर आहे."

"खाली बसाची." त्यांनी हातातल्या कपानं फरशीकडे दाखवलं. "खाली बसाले अन् मंग वर उठाले पाह्यजे मले. खुर्चीत बसता येते. थ्याले मशीन कायले लागते?"

काका पायडल मारायचे थांबले. एवढा वेळ बसायची मशीन, बसायची मशीन म्हणून आम्ही दोन पुरुष हसत होतो आणि बाई म्हणत होती ते आम्ही ऐकलंच नव्हतं.

मग काकूंनी सांगितलं. आमच्याकडे विदर्भात भाद्रपदातल्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोन बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, उभ्या करतात, साडीचोळी नेसवतात, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी असा नैवेद्य, आणि गल्लीभराला जेवण. गुल्हान्यांच्या घरी हा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे काकूंचा. पूजा पाटावर बसून करायची असते. मागच्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच संप केला म्हणून काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"देवीच्या तोंडाबरोबर माह्यं तोंड," काकू म्हणाल्या. "मैत्रिणीकडे चहाले गेल्यासारखी बसली मी. पायापर्यंत हात पुरेना. पाय मंदानं पुजले."

मंदा म्हणजे धाकटी जाऊ, नागपूरला असते. तिनं जाताना म्हटलं होतं, "बाई, पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या आम्ही नागपूरले नेतो. तुम्ही नुसत्या येजा अन् बसजा."

"मंदा वाईट नाई, भाऊ," काकू म्हणाल्या. "मनापासून बोलली. थ्याचंच तं वाईट वाटते. भांडली असती तं मीही भांडली असती." मग दाराकडे बघत म्हणाल्या, "या घरातून थ्या एकदा गेल्या का वापस नाई येत."

काका मशीनवरून उतरले आणि गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसायला लागले. खुर्ची त्यांनी पाहिली होती, पण बाकी काही त्यांना माहीत नव्हतं. बायको इतके महिने तोंड मिटून होती आणि ते तिला पळायची मशीन घेऊन द्यायला निघाले होते.

घरी जाताना मी दुकानातली एकेक मशीन मनात आणून बघितली. पळायची, चढायची, ओढायची, ढकलायची, थरथरायची. जमिनीवरून उठायची एकही नाही. सावंगीच्या दवाखान्यात श्रुती नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्याकडून व्यायामाचे रबरी पट्टे नेते, मुलगी पुण्याकडची, बोलायला मोकळी. तिला फोन केला. म्हटलं, जमिनीवर बसायची आणि उठायची मशीन मिळते का कुठं?

ती हसली. "काका, त्याला मशीन नसते. त्याला उंची असते."

काकूंना तिच्याकडे नेलं. तिनं गुडघे हलवून बघितले, एक्स-रे बघितले, आणि पहिला प्रश्न विचारला, "कशावरून उठता येतं?" पलंगावरून उठता येत होतं. खुर्चीवरून दांडे धरून. चौरंगावरून नाही. "मग आपण पलंगापासून सुरू करू आणि खाली खाली जाऊ," श्रुती म्हणाली. "बसायचं, उठायचं. जमलं की उंची थोडी कमी. दुखलं तर पुन्हा थोडी वाढवायची."

मला हुरूप आला. म्हटलं, आता दुकानाचा उपयोग. प्लॅस्टिकची एक पायरी असते, खाली ठोकळे लावून उंची कमीजास्त करता येते. ती घेऊन आर्वी गाठली. काकू बसल्या आणि ती पायरी गुळगुळीत फरशीवर त्यांना घेऊन भिंतीकडे निघाली. काकूंनी तिला मुकाट्यानं बाजूला केलं आणि काकांना माळ्यावर चढवलं. माळ्यावर पंगतींचे जुने सागवानी पाट होते, पितळी फुलांचे, वजनाला एकेक दगड. एकावर एक पाट रचला, वर घोंगडी. झाली मशीन. भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा लावला. या सगळ्या प्रकरणात माझ्या दुकानाचा एकूण हिस्सा म्हणजे तो दांडा, आणि तोही मी शेजारच्या हार्डवेअरमधून आणला होता.

श्रुतीनं एक अट घातली. काकांनी हात द्यायचा नाही.

"अन् पडली तं?"

"पडत असतील तर धरा. उठत असताना धरू नका."

ही अट काकूंपेक्षा काकांना जड गेली. काकू उठायला लागल्या, 'आई गं' म्हणाल्या, की काकांचे दोन्ही हात आपोआप पुढं. शेवटी काकूच ओरडल्या, "हात मागे बांधा!" तेव्हापासून रोज सकाळी आर्वीच्या बाजारातला हा वजनदार माणूस बनियनवर, हात पाठीमागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखा पाटांसमोर उभा राहायचा. मी एकदा तो देखावा बघितला. काकू उठताना काकांचे खांदे वर जात होते. व्यायाम दोघांचाही होत होता.

पाट एकेक करून खाली उतरत गेले. मधे पाऊस लागला, गुडघे आखडले, दोन पाट परत चढवले, पुन्हा उतरवले. माझं तिकडे वारंवार जायचं काहीही कारण नव्हतं, तरी मी जात होतो. आणि दुकानात माझी एक सवय बदलली. काय पाहिजे हे विचारायच्या आधी मी विचारायला लागलो, करायचं काय आहे? जाम गावच्या एका ढाबेवाल्यानं सांगितलं, नातू झोपला की खांद्यावर टाकून वरच्या मजल्यावर नेता आला पाहिजे. त्याला मी काही विकलं नाही, स्वतःचाच जिना चढउतर करायला सांगितलं. वर्षा म्हणाली, असंच चालू राहिलं तर आपल्याला पुन्हा पंक्चर काढावी लागतील. पण खूप वर्षांची गिऱ्हाइकं आठवून अधूनमधून वाटतं, कितीजण काय मागत होते आणि मी त्यांना काय दिलं, कोण जाणे.

पोळा तोंडावर आला तेव्हा काकूंचा फोन आला. "भाऊ, तुमची मशीन शेवटच्या पाटाले बंद पडली."

शेवटच्या एका पाटावर त्या बसत होत्या, पण उठता येत नव्हतं. दांडा धरून जमत होतं, आणि देवीसमोर तर दांडा नसतो. मंदाचा फोन येऊन गेला होता. पोळा झाला की तिला काय ते सांगायचं होतं.

मी, वर्षा आणि श्रुती, तिघं गेलो. श्रुतीनं बघितलं आणि सांगितलं, सरळ वर उठायचा हट्ट सोडायचा. बाजूला वळायचं, गुडघ्याखाली घोंगडीची घडी ठेवायची, दोन्ही हात जमिनीला लावायचे, एक पाऊल पुढं रोवायचं आणि मग उठायचं. काकूंनी करून बघितलं. जमलं. जमलं म्हणून आम्ही टाळ्या वाजवणार, तर काकूंचा चेहरा पडलेला.

"देवीपुढं असं रांगत उठू? चार बाया पाह्यतीन."

"पाह्यतीन तं पाह्यतीन," वर्षा म्हणाली. "थ्या बायाइचे गुडघे काय वेगळे आहेत?"

"मी एका झटक्यात उठत होती, वर्षा. हातात आरतीचं ताट घेऊन."

काकांनी पाठीमागचे हात सोडले आणि शेवटचा पाट उचलून भिंतीला लावला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मंदाला फोन करून सांगितलं, "तूच येजो. महालक्ष्म्या इथंच." उठणार कशा, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "मले काऊन विचारता? मी नुसता उभा राह्यतो."

जेवणाच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोघी बहिणी मखरात उभ्या, हिरव्या-जांभळ्या साड्या, नाकात नथ. बाहेर मांडवात पंगतीची पानं मांडलेली. काकू आल्या, मखरासमोरच्या पाटावर हळूहळू खाली गेल्या आणि बसल्या. मंदानं पुढं होऊन पूजेचं ताट सरकवलं. यंदा दोन्ही मूर्तींचे पाय काकूंनी पुजले. हळद, कुंकू, फूल, मग पुन्हा हात फिरवून, जणू पैंजण नीट बसवावं तसं. मागच्या वर्षीचंही राहिलेलं करून घेत असाव्यात.

आरतीची वेळ झाली. सगळ्यांना उभं राहायचं होतं. बायका उठल्या. काकू बसलेल्याच. ज्यांना माहीत होतं ते बघत होते, आणि ज्यांना माहीत नव्हतं तेही त्यांच्याकडे बघून बघायला लागले. मंदाचा हात पुढं आला.

"देऊ नको," खांबाजवळून काका म्हणाले. त्यांचे हात पाठीमागे होते.

काकू पाटावरून बाजूला वळल्या. गुडघा टेकला. दोन्ही तळवे जमिनीला लावले. आणि मग त्यांनी कपाळ खाली नेऊन देवीच्या पायाशी टेकवलं. साधा नमस्कार, जसा प्रत्येक बाई करते. मागच्या बायकांनीही आपोआप हात जोडले. मंदा तर तिथंच गुडघ्यावर आली. काकू बराच वेळ तशाच होत्या. मग कपाळ उचललं, तळव्यांवर भार घेतला, एक पाऊल पुढं रोवलं आणि त्या वर आल्या. नमस्कार कुठं संपला आणि उठणं कुठं सुरू झालं, हे श्रुती तिथं असती तरी तिलाही सांगता आलं नसतं.

उभ्या राहून त्यांनी पदर नीट केला, आरतीचं ताट घ्यायला हात पुढं केला आणि वळून बघितलं. मी, वर्षा, मंदा, काका, दारातली अर्धी गल्ली, कोणीच जागचं हललेलं नव्हतं.

"काय पाहून राह्यले सगळे?" काकू म्हणाल्या. "म्हणा ना आरती. पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या."